कुंकू लागलेला ठसा

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, तीन तासांची उपासना आटोपून आमच्या ख्रिस्ती मंडळीचे म्हातारे पंच एकटेच सरळ माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. मी तेव्हा मांजरपाटावर छापलेला येशू दोरीवर वाळत घालत होते. गुडघ्यावर बसलेला, मान खाली घातलेला, एका शिष्याचा पाय धरून धुणारा. हा पडदा रविवारी, ईस्टरच्या उपासनेला, प्रार्थनामंदिरात व्यासपीठाच्या मागे लागायचा होता. लागायचा की नाही, हे ठरवायला पंच आले होते.

त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. माझ्या वडिलांचे ते मित्र. वडील सुतारकाम करायचे. मंदिरातली बाकं, व्यासपीठ, सगळं त्यांच्या हातचं. ते गेले तेव्हा त्यांचे रंधे आणि पटाश्या माझ्याकडे आल्या. मी भोकरदनच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. बाई आता ही हत्यारं भंगारवाल्याला देणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी ती दगडावर घासून धारेला आणली आणि लाकूड कोरायला लागले. चित्र काढणारी बाई लाकूड तासते म्हटल्यावर गल्लीला काही दिवस फुकटची करमणूक झाली. मग लोकांना ठोकाठोकीची सवय झाली.

माझी पद्धत साधी आहे. आधी चित्र रंगात करून बघायचं, मग ते फळीवर उतरवायचं, नको तेवढं लाकूड पटाशीनं काढून टाकायचं, उरलेल्यावर काळी शाई लावायची आणि वरून कापड दाबायचं. एवढ्या मोठ्या ठशाला लागणारं यंत्र माझ्याकडे नाही. म्हणून ठसा जमिनीवर ठेवते, त्यावर कापड, कापडावर घोंगडी आणि घोंगडीवरून मी स्वतः अनवाणी चालते. टाच रुतवत, इंच इंच. प्रत्येक पावलाला प्रार्थना म्हणते, कारण एक पाय सरकला की सगळं कापड वाया. पण कितीही प्रार्थना म्हटली तरी शेवटी मी येशूवरून चालत असते, हे कुणाला समजावून सांगणार? छपाईच्या वेळी शेडला आतून कडी लावलेली बरी.

आणि छपाई झाली की मी ठसा रंधून टाकते. फळी पुन्हा कोरी. वडिलांनी जुन्या मंदिराचं दार मोडलं तेव्हा ही सागाची फळी ठेवून घेतली होती. असलं लाकूड आता मिळत नाही, म्हणून एकाच फळीवर एक चित्र पुसून दुसरं कोरायचं. दर चित्राला ती थोडी पातळ होते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ठसा म्हणजे हत्यार, चित्र कापडावर असतं.

काका पडद्यापुढे उभे राहिले. उपासानं तोंड सुकलेलं. पाणी विचारलं तर हातानंच नको म्हणाले. त्यांना मंदिरात चित्र नकोच होतं. "आपल्या आजा-पणज्यांनी देव नदीत सोडले, पोरी, आन् तू परत भिंतीवर आणून राह्यली," असं ते मला वर्षभर ऐकवत होते. आमचे पाळक नवे आणि तरुण, तीन गावांच्या मंडळ्या सांभाळणारे. त्यांनी कसाबसा होकार दिला होता, पण काकांचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती.

"पाय बराबर जमला," काका म्हणाले. मला हायसं वाटलं. मग त्यांचं बोट येशूच्या हातावर थांबलं. काळ्या शाईत तिथे एक लालसर डाग उमटला होता. "हे लाल काय?"

रक्त, असं मी म्हणू शकले असते. खिळ्यांची खूण म्हणून खपलंही असतं. पण पाय धुतले तेव्हा खिळे अजून ठोकायचे होते, आणि काकांना शास्त्र माझ्याहून जास्त पाठ. ते भिंतीला टेकवलेल्या ठशापाशी गेले, वाकले, कोरलेल्या हाताच्या खाचेत बोट घातलं आणि बोट नाकाशी नेलं.

"पोतराजाच्या पोराला कुंकवाचा वास शिकवायची गरज न्हाई," ते म्हणाले. त्यांचे वडील मरीआईचे पोतराज होते, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. "कोण लावून राह्यलं?"

लावत होती माझी शेजारीण. मी तिला मावशी म्हणते. आमच्या दोघींच्या अंगणात एकच भिंत, तीही कमरेएवढी. जुनं पाटलाचं घर तिचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वभावानं लाख माणूस. कैऱ्या उतरल्या की पहिली पाटी आमच्याकडे. मात्र माझ्या घरचा चहा तिनं कधी घेतला नाही. "आत्ताच घेतला बाई," हे तिचं ठरलेलं. आमचे लोक मूळचे गावकुसाबाहेरचे, इथलं घर वडिलांनी पुढे विकत घेतलेलं. पिढ्या उलटल्या, धर्म बदलला, तरी चहा भिंत ओलांडून गेला नाही. मी विचारायचं सोडून दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून तिचा रागही सोडला नव्हता.

तिची एकुलती एक लेक हसनाबादला दिलेली. तिला न्यूमोनिया झाला, दोन्ही फुप्फुसं भरली आणि संभाजीनगरच्या एका दवाखान्यात तिला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. जावई तिकडे, रांगती नात इकडे मावशीच्या कडेवर. मावशी एकदा जाऊन आली होती. लेकीच्या तोंडातली नळी बघून तिला भोवळ आली, तेव्हा जावयानंच तिला परत पाठवलं. त्यानंतर एका सकाळी मी शेडमध्ये आले तर ती ठशापुढे बसलेली. येशूच्या हातावर तिचा तळहात. हातावर कुंकू, खाली जास्वंदीचं फूल.

ठसा लाकडाचा असला तरी मी काही लाकडाची नाही. फूल उचलून ठेवायचे, कुंकू फडक्यानं पुसायचे. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची. खाचेतलं निघत नव्हतं, ते नेमकं कापडावर आलं.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या शेडात देव्हारा झाला. उद्या सांजच्या आत त्यावर रंधा मार. मी सोता येऊन बघणार. न्हाई मारला, तर ईस्टरला प्रभुभोजनाला हात पुढं करायचा न्हाई."

"काका, मी ठसा रंधतेच दर वेळी. थोडे दिवस थांबा. ती पोर मशीनवर आहे."

"म्हणूनच थांबायचं न्हाई," ते म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

प्रभुभोजन म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. पण माझे वडील शेवटच्या आजारात पाणी गिळत नव्हते, तेव्हाही तो तुकडा त्यांनी जिभेवर धरून ठेवला होता. ईस्टरच्या दिवशी सगळी मंडळी पुढे जाणार आणि मी बाकावर बसून राहणार, वडिलांनीच केलेल्या बाकावर, हे मला सोसेना. आणि रागही आला. माझं लाकूड, माझी वर्षभराची मेहनत, आणि हक्क सांगणारे दोघं भलतेच. एक म्हणतो हा देव आहे म्हणून मोड, दुसरी म्हणते हा देव आहे म्हणून ठेव. हा ठसा आहे, असं म्हणणारी मी एकटी.

संध्याकाळी मावशीला सरळ सांगून टाकायचं ठरवून भिंतीपाशी गेले. ती फोन कानाला लावून उभी होती. फोन ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "डॉक्टर म्हणले, लय कठीण हाय. जे काय ते दोन दिसात कळंल. बाई, मी रोज येऊन तुमच्या कामात खोळंबा करते, मला कळतं. पण तेवढं दोन दिस राहू द्या."

मी "बरं" म्हणाले. इकडे आड आणि तिकडे विहीर. ठसा रंधला आणि त्याच दिवशी पोरीचं काही झालं, तर ही बाई जन्मभर मला काय म्हणेल? नाही रंधला आणि पोर वाचली, तर माझ्या शेडमध्ये नारळ फुटायला लागतील आणि काका खरे ठरतील. माझी बोटं सबंध संध्याकाळ उगाच पटाश्यांशी चाळा करत राहिली.

शनिवारी दुपारी काका आले. ऊन एवढं की शेडचा पत्रा तडतडत होता. त्यांनी खुर्ची ओढली, काठी गुडघ्यांत धरली आणि बसले. मी ठसा टेबलावर आडवा घेऊन शिकंज्यात आवळला. रंध्याचं पातं पुन्हा पुन्हा बघत वेळ काढला. शेवटी मी वरच्या कडेपासून पहिला हात मारला. चित्राच्या आभाळातून एक लांब ढलपी निघाली आणि खाली पडली. तेवढ्यात दारात मावशी उभी राहिली, हातात ताटली.

"बाई, काय करून राह्यल्या?"

काका उठले. "बाई, त्याच्यात काही न्हाई. दाराची फळी हाय ती. लाकूड."

"लाकूड हाय ते मला दिसत न्हाई व्हय? मी येडी हाय का?" तिचा आवाज चढला. मावशीला चढ्या आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. "पोरीला हात लावाया गेले, तर अंगाला नळ्याच नळ्या. कुठं लावू? हात थरथरतो, डोळ्यापुढं अंधारी येते. मंग इथं येते. ह्यो तरी कुणाचं पाय हातात धरून बसलाय. त्याच्या हातावर हात ठिवला का वाटतं, तिकडं पोरीला पोचत असंल."

मग काका बोलले ते उपदेशाच्या आवाजात नव्हे. "माझ्या बहिणीला असंच दगडापुढं निजवलं होतं. तापानं फणफणलेली. बाप पाठीवर आसूड ओढून घेऊन राह्यला होता, रगत निघंस्तोवर. ती गेली. म्हणून सांगतो, लाकडा-दगडावर भरवसा ठिवू नका."

"मंग कशावर ठिवू?"

काकांनी हात पुढे केला. मला वाटतं, बोलता बोलता सवयीनं केला असेल. व्यासपीठावरून ते असाच हात पुढे करून मंडळीशी बोलतात. पण हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. मग आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. मावशीच्याही आलं असणार, कारण ती त्या हाताकडे बघतच राहिली.

माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. मनात म्हटलं, लाकडाच्या हाताला शिवतेस, कारण लाकडाला जात नाही. आता शिव. माझ्या मुठीत रंधा घट्ट आवळला गेला होता. म्हातारा माणूस, उपासाचा, पण काकांनी हात मागे घेतला नाही. मागे घेतला असता तर ते सोपं झालं असतं, तिला आणि मलाही.

मावशीनं ताटली खाली ठेवली. दोन्ही हातांनी तो हात धरला. देवळातली घंटा धरावी तसा वर धरला आणि सोडेचना.

"चला मंग," ती म्हणाली. "माझ्या पोरीपाशी चला. तुमी तिचा हात धरा, मी तुमचा धरते."

"आत्ता?" काकांचा चेहरा उतरला. ते हे धरून चालले नव्हते.

"आत्ता न्हाई तर कवा?"

नातीला जावेकडे दिलं आणि आम्ही तिघं संभाजीनगरच्या बसमध्ये बसलो. शिकंज्यात आवळलेला ठसा तसाच राहिला. काका खिडकीशी बसून ओठ हलवत होते. प्रार्थना करत होते की करायची कशी ते आठवत होते, कळत नव्हतं.

अतिदक्षता विभागाच्या दारात पहारेकऱ्यानं अडवलं. एकालाच आत सोडणार. मावशी म्हणाली, मला एकटीला जमत नाही, चक्कर येते, हे सोबत पाहिजेत. "नातं काय?" त्यानं विचारलं. "भाऊ हाय माझा," ती म्हणाली. पहारेकऱ्यानं दोघांकडे बघितलं आणि सोडलं. दवाखान्याच्या दारात माणूस काहीही सांगतो, मीही सांगितलं असतं, म्हणून मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

काचेतून मला दिसत होतं. काका पलंगाशी उभे होते आणि मावशीनं मागून त्यांचं मनगट धरलं होतं. पोरीचा हात सुजलेला, सुईच्या पट्ट्या चिकटवलेला. काकांनी तो कसा धरावा याचा अंदाज घेतला आणि खालून आपला तळवा सरकवला. बऱ्याच वेळानं मावशी त्यांच्या आडून पुढे आली आणि लेकीच्या कपाळावरचे केस तिनं मागे सारले. चक्कर आली नाही तिला.

बाहेर आल्यावर काका बाकावर बसले नाहीत, भिंतीला टेकून खालीच बसले. "मला एक वचन आठवलं न्हाई," ते म्हणाले. "नुसता हात धरून उभा राह्यलो."

"पुरे आहे तेवढं, काका."

"पुरे कसं? आता पोर गेली तर ही बाई मला काय म्हणंल?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. कालपासून जी भीती मी पोटात घेऊन फिरत होते, ती आता त्यांच्या तोंडावर होती. मला त्यांची कीव आली आणि थोडं बरंही वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "बहिणीचं मी सगळं खरं सांगत न्हाई कधी. डॉक्टर आल्ता. बापानं हातापाया पडून आणला होता. त्यो वट्यावर उभा राहून लांबूनच बघून गेला. नाडी सुदिक धरली न्हाई. बापाला मंग दगडच राह्यला. बापाला शिव्या द्यायचं सोपं होतं, म्हणून जलमभर दगडाची गोष्ट सांगितली."

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. काही वेळानं तेच म्हणाले, "त्या ठशाचं तू ठरव. मला आता सांगता येत न्हाई." पुढे पावसाळ्यात, दुसरं चित्र सुचलं तेव्हा, मी तो नेहमीसारखा रंधला. पण त्या दिवशी आम्हा दोघांनाही त्याच्याशी देणंघेणं उरलं नव्हतं.

ईस्टरच्या सकाळी दवाखान्यातच पाळकांचा फोन आला. काका एवढंच म्हणाले, "तुमी उरकून घ्या." प्रभुभोजन आम्हा दोघांचंही चुकलं. पडदा माझ्या शेडमध्ये दोरीवरच राहिला. काका दवाखान्यातून हलले नाहीत. भेटीची वेळ झाली की उठायचे, नळावर हात धुऊन घ्यायचे आणि मावशीबरोबर आत जायचे. मी आणलेली पोळी-भाजी त्यांनी कागदात गुंडाळून परत दिली.

सोमवारी सकाळी, ते दोघं आत असतानाच, पोर गेली.

मावशीनं आक्रोश केला नाही. बाहेर आली, भिंतीशी बसली आणि तोंडावर पदर ओढून घेतला. जावई कागदांवर सह्या करत हिंडत होता. काका समोरच्या बाकावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे. कुठेतरी निघून जावं असं त्यांना वाटत असणार, पण ते उठले नाहीत. मीही त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. आता ती पदर बाजूला करेल आणि बोलेल, याची मी वाट बघत होते.

थोड्या वेळानं मावशीच्या सासरचे लोक गाडी करून आले. पाच-सहा माणसं, पांढऱ्या टोप्या, पुढे तिचा थोरला दीर. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे, असा माणूस. त्यानं जावयाच्या पाठीवर हात ठेवला, भावजयीकडे बघितलं, मग त्याची नजर काकांवर गेली. वरपासून खालपर्यंत बघून त्यानं विचारलं, "हे कोण?"

काका उठायला लागले. मी घाईनं पुढे झाले. शेजारी आहेत, मदतीला आले होते, असं काहीतरी सांगून मी त्यांना बाहेर घेऊन जाणार होते.

मावशीनं तोंडावरचा पदर काढला.

"माझा भाऊ हाय," ती दिराला म्हणाली. "पोरीचा मामा. जीव गेला तवा तिचा हात त्याच्याच हातात होता."

काका अर्धवट उठलेले, तसेच वाकून उभे. दिरानं टोपी काढली, कपाळाचा घाम पुसला, आणि मग त्यांच्या खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं. आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसला.